आडवा आठ

१

बुधवारी दुपारी पावणेतीन वाजले की संजीवनीबाई कोरडं कपाट उघडायच्या. घरात पाहुणे असोत नाहीतर गॅसवर दूध असो, त्यात बदल नाही. बिशानच्या त्या फ्लॅटमध्ये देवांना भिंतीवर एक फळी होती, आणि कॅमेऱ्याला मात्र विजेवर चालणारं स्वतंत्र कपाट. सिंगापूरच्या दमट हवेत लोणच्यासारखी काचेलाही बुरशी धरते, म्हणून त्यांच्या लेकीनं, मेधानं, ते घेतलं होतं.

कॅमेरा त्यांच्या यजमानांचा, हेमचंद्रांचा. सोळा मिलिमीटरच्या फिल्मचा, स्विस बनावटीचा, चावीचा. हेमचंद्र जाऊन तीन वर्षं झाली, पण दर बुधवारी चावी भरायची आणि स्प्रिंग मोकळी पळू द्यायची, हा त्यांचा नेम बाईंनी मोडला नव्हता. "वापरली नाही की स्प्रिंग विसरते," असं ते म्हणायचे.

बाई शाळेत गेल्या दुसरीपर्यंत. पुढचं जे काही शिकल्या ते ह्या कॅमेऱ्यापाशी. बावीस वर्षं त्या नवऱ्याबरोबर माहितीपटांच्या कामावर हिंडल्या, फीत धरायला. कॅमेऱ्यापासून माणसाच्या डोळ्यापर्यंत अंतर मोजायचं आणि आकडा ओरडून सांगायचा. लेन्सवरच्या रिंगवर अंतर फुटांत कोरलेलं असतं. पहिल्याच दिवशी हेमचंद्रांनी सांगितलं, "फीट म्हणजे पाय." झालं. तेव्हापासून बाई "दहा पाय!", "सात पाय!" असंच ओरडायच्या. सगळं युनिट हसायचं, पण त्यांचा आकडा कधी चुकला नाही.

त्या बुधवारी त्यांची नात जाई एक लेन्स घेऊन आली. जाई एकोणीस वर्षांची, पॉलिटेक्निकमध्ये फिल्मचं शिकणारी. सोमवारी तिला आजोबांच्या कॅमेऱ्यावर शूट केलेला एक रोल द्यायचा होता, आणि आजोबांच्या लेन्सच्या पोटात बुरशीनं जाळं विणलं होतं. म्हणून सिटी हॉलजवळच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातून तिनं ही शोधून आणली. वयानं आजीच्या बरोबरीची असेल.

"बघ आजी, आटे सेम आहेत. फोरमवर पण चेक केलं. कम्पॅटिबल आहे, लाह." जाईच्या बोलण्याला सिंगापूरचं हे शेपूट असायचंच.

"आटे बसले म्हणजे लेन्स बसली का? गुण जुळले म्हणून संसार जुळतो होय ग? आटा, पाठ, पाय. तिन्ही बघायचं."

आटा बसला. पाठही ठीक निघाली. ह्या कॅमेऱ्याच्या आत, तोंडापाशीच, एक काचेचा लोलक असतो. लेन्सची पाठ फार बाहेर आली तर त्यावर आपटते. बाईंनी काडेपेटीची काडी घालून खोली मोजली आणि मान हलवली. राहिला पाय. पण अंतराची रिंग हलेचना.

ती शेवटच्या खुणेवर अडकली होती. आडव्या आठावर. आडवा पाडलेला इंग्रजी आठ, म्हणजे लांबच लांब: डोंगर, चंद्र, ज्याला फीत पुरत नाही असं सगळं. रिंग आणि नळी ह्यांच्या फटीत काहीतरी लाल थापलं होतं, थरावर थर.

"नेलपॉलिश!" जाई हसली. "दुकानातले अंकल म्हणाले, आधीच्या ओनरनं का लावलं माहीत नाही. म्हणून ही कुणी घेतच नव्हतं."

बाईंना नवल वाटलं नाही. स्क्रू सैल होऊ नये म्हणून हेमचंद्रही नेलपॉलिशचा थेंब लावायचे. पण थेंब! इथं कुणी रिंगच बांधून टाकली होती.

"आळशी मेला. जन्मभर डोंगरच काढत बसला वाटतं. जा, तुझ्या आईची ती रंग काढायची बाटली आण."

कापसाचे अकरा बोळे लाल झाले. मग बाईंनी लेन्स दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली, हेमचंद्र द्यायचे तशी, आणि हलकेच पिळली. रिंग कुरकुरली आणि सुटली.

त्याच वेळी डोक्यावर आवाज झाला. टप.

"वरच्यांनी काहीतरी पाडलं," बाई म्हणाल्या.

"यिशुनला पण असंच होतं ना?" जाई म्हणाली. यिशुनचा फ्लॅट सोडून त्यांना दोनच महिने झाले होते.

२

तीन वाजता दिवाणखान्यात चांगला उजेड येई. बाईंनी तिकाटणं खिडकीपाशी उभं केलं, कॅमेऱ्याचं तोंड दाराकडे. दार नेहमीसारखं वाऱ्याला उघडं, फक्त जाळीचं दार ओढलेलं, पलीकडे कॉरिडॉर आणि आभाळ. मग शिवणाची फीत काढली आणि जाईला वर्तमानपत्र धरून उभं केलं.

"दहा पाय!"

"आजी, फीट. टेन फीट."

"तुझ्या आजोबांना कळायचं, तुलाही कळेल."

दहा, सात, चार. तीन अंतरं तपासायची, लांबून जवळ. हा हेमचंद्रांचा क्रम.

फिल्म जिथून धावते तिथं नखाएवढी चौकोनी खिडकी असते. बाईंनी तिच्यावर बटर पेपरचा तुकडा ताणून बसवला, आत दातांच्या डॉक्टरचा तिरका आरसा धरला, आणि घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं. डोळा लावायच्या वरच्या नळीतून बघितलं तर चित्र सुलट दिसतं, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ती नळी खुशामत करते. खरं काय ते कागदावर पडतं, आणि कागदावर उलटं पडतं. मुंडकं खाली, पाय वर. बावीस वर्षांत त्यांना ते इतकं सवयीचं झालं होतं की त्यात वेगळं काही वाटेनासं झालं होतं.

त्यांनी रिंग दहावर आणली. कागदावर जाई वटवाघळासारखी लटकली. वर्तमानपत्राची अक्षरं लोण्यासारखी मऊ. म्हणजे लेन्स नीट लागत नव्हती. पण जाईच्या खांद्याला खांदा लावून दुसरं काहीतरी होतं, आणि ते सुरीच्या धारेसारखं स्पष्ट होतं.

उंच, किडकिडीत, हात दोन्ही बाजूंना सोडलेले, पाठमोरं. माणूस म्हणावं असं.

आणि ते सुलट उभं होतं.

बाईंनी कॅमेऱ्यावरून मान काढून बघितलं. जाई, पेपर, चपलांचा रॅक, जाळी. परत भिंगात. जाई उलटी, रॅक उलटा, छताचा पंखा खालून उगवलेल्या कमळासारखा. आणि ते सुलट.

"जाई, तुझ्या शेजारी काय आहे ग?"

"कुठे? काही नाही. व्हाय?"

"काही नाही. ती डोक्यावरची बट बसव. शेंडीसारखी उभी राहिलीय."

जाईनं डोक्यावर हात फिरवला. टाळूवरची बट खाली बसली आणि हात काढल्यावर परत सरळ वर उठली. "स्टॅटिक असेल," ती म्हणाली.

जिथं मिठाचं दोन दिवसांत पाणी होतं, तिथं स्टॅटिक.

३

बाई घाबरट नव्हत्या आणि भोळ्याही नव्हत्या. भांडी घासता घासता त्यांनी एकेक कारण समोर उभं केलं.

डोळा? मोतीबिंदू मागच्या वर्षी काढला होता. सुईत दोरा त्या स्वतः ओवत. आरसा? आरसा डाव्याचं उजवं करील, सगळ्यांना उलटं टांगून एकालाच कसा सुलट ठेवील? मग त्यांना धंद्यातला शब्द आठवला आणि हसू आलं. भूत! बाहेरचा उजेड लेन्समध्ये शिरून काचांवर आपटत फिरला की चित्रात नको तो आकार उमटतो. त्याला कॅमेरेवाले भूतच म्हणतात. आणि ते भूत चित्राच्या उलट पडतं, म्हणजे सुलट दिसतं. हे बसत होतं. दाराच्या जाळीतून येणारा उजेड, दुसरं काय! लेन्सवर हाताची सावली धरली की असलं भूत पळतं. उद्या सावली धरून बघायचं.

संध्याकाळी मेधा ऑफिसातून आली. जेवताना परत आवाज झाला. टप. मग थोडं पुढे, टप.

"वरच्यांना जरा सांगून ये," बाई म्हणाल्या. "जेवायच्या वेळी काय सामान सरकवतात!"

मेधाचा घास हातातच राहिला. "आई, आपल्या वर कोणी नाही. हे यिशुन नाही. आपला मजला शेवटचा आहे. वर फक्त गच्ची आणि टाक्या. गच्चीला कुलूप असतं."

"हो की," बाई म्हणाल्या.

मेधा जाईकडे बघत इंग्रजीत काहीतरी बोलली. मग मऊ आवाजात, "आई, मंगळवारी पॉलिक्लिनिकची वेळ घेतलीय. साधी टेस्ट असते, मेमरीची. तुझ्या वयाच्या सगळ्यांची करतात."

"कशी असते ती? नाव, गाव, वार विचारतात?"

"तसंच काहीसं. आणि हे बघ, काही निघालंच तर वरुणदादा पुण्याला नेईन म्हणतो. तिकडे दिवसभर माणूस असतं. इथं तू आणि जाई, दोघी एकट्या."

बाईंनी ताटातली भाजी शांतपणे संपवली. आता तोंड उघडण्याची सोय नव्हती. कागदावर कुणी सुलट उभं आहे म्हणावं, तर मंगळवारपर्यंतही थांबायला नको. पुढच्याच विमानात पुणं, लेकाकडे. मग जाईपाशी कोण?

"दुसरीत माझा पहिला नंबर होता," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला सांग, तयारी करून ये."

४

गुरुवारी दुपारी घरात एकट्याच होत्या. त्यांनी खुर्ची मांडली, तिला पेपर टाचला, फीत धरली. क्रमानं पुढचं अंतर. रिंग सातावर.

ते खुर्चीच्या शेजारी होतं. काल दहावर, आज सातावर. पाठमोरंच.

त्यांनी लेन्सवर हाताची सावली धरली. उजेडाचं भूत असतं तर विरघळलं असतं. ते हललंही नाही. जाळीचं दार चादरीनं झाकलं. ते तिथंच. मग त्यांनी लेन्स काढली आणि हेमचंद्रांची बुरशीवाली लावली. धुकट का होईना, खोली उलटी, खुर्ची उलटी, सुलट कुणीच नाही. परत नवी लावली. होतंच.

टाकून द्यावी कचऱ्याच्या नळीत. पंचवीस मजले खाली. त्यांनी लेन्स काढून मुठीत घेतलीसुद्धा. तेवढ्यात डोक्यावर टप झालं, आणि लेन्स कॅमेऱ्यावर नव्हती, कुणी बघत नव्हतं, तरी झालं. म्हणजे लेन्स फेकली तरी ते राहणार. फक्त कुठे आहे ते कळायचं नाही.

बाई खुर्चीवर बसल्या आणि विचार करू लागल्या. कागद सगळं उलटं दाखवतो. जाई खोलीत सुलट, म्हणून कागदावर उलटी. मग जे कागदावर सुलट, ते खोलीत...

त्यांनी सावकाश वर बघितलं.

पांढरं छत. पंखा. पंख्याशेजारी एक कोळिष्टक. बाकी काही नाही. पण त्यांना आता कळलं की टप टप हा आवाज छताच्या पलीकडचा नव्हता. तो अलीकडचा होता.

त्यांना पायांचं आठवलं, आणि त्यांनी लेन्स लावून परत कागद बघितला, मुद्दाम पायच बघितले. सरळ होते. टाचा मागे, बोटं पुढे, छतावर घट्ट टेकलेली. उलटे असते तर बरं झालं असतं. उलट्या पायांच्याचं काय करायचं ते गावाकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. ह्याचं कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं.

संध्याकाळी जाई अभ्यासाला बसली. तिचं टेबल कपाटापासून थोडं पलीकडे. ती लिहीत होती आणि तिच्या टाळूवरची बट उभी होती, ताठ, टोकाशी जराशी हलत, कुणी दोन बोटांत धरून खेळवावी तशी.

बाईंच्या अंगावर काटा आला आणि त्यापाठोपाठ राग. त्यांना स्वतःलाही भीतीपेक्षा राग ओळखीचा होता. दारातून येत नाही, चपला काढत नाही, तोंड दाखवत नाही, आणि पोरीच्या केसांना हात!

"शनिवारी चारावर बघते तुला," त्या छताकडे बघून म्हणाल्या. "तेवढ्या जवळून तोंड तरी दिसेल."

"कुणाशी बोलतेस, आजी?"

"पालीशी. तू लिही."

५

शनिवारी मेधा बाजारात गेली होती. जाईनं फिल्मचा डबा काढून ठेवला होता. तिला स्वतःचाच चेहरा जवळून घ्यायचा होता. तिनं स्टूल ठेवलं, त्यावर बसली.

"चार पाय," ती स्वतःच म्हणाली आणि हसली.

"फिल्म नंतर. आधी कागदावर बघीन."

"आजी, सोमवारी द्यायचंय. अजून किती चेक करणार?"

"समाधान होईपर्यंत."

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं. रिंग गुरुवारपासून सातावरच होती. जाई जवळ, मऊ, उलटी. तिच्या मागे तीन पाय अंतरावर ते, पाठमोरं, सुलट, स्पष्ट.

त्यांनी बोटानं रिंग फिरवायला घेतली. सहा.

ते मागच्या मागे जाईकडे सरकलं. टप.

पाच. टप.

बाईंचं बोट थांबलं. ते थांबलं.

त्यांनी बोट तसूभर फिरवलं. ते तसूभर आलं. दहा म्हटलं तेव्हा ते दहावर होतं. सात म्हटलं तेव्हा सातावर. जाईचं टेबल कपाटापासून किती पायांवर होतं? फीत लावायची गरज नव्हती, त्यांची नजर चुकत नसे. सात. ते आपणहून जवळ येतच नव्हतं. त्याला पायरी पायरीनं आणलं होतं त्यांनी, हेमचंद्रांच्या क्रमानं, दहा, सात, आणि आता. आणि आधीच्या त्या आळशी मेल्यानं थरावर थर लावून ते कुठे ठेवलं होतं?

आडव्या आठावर.

त्यांनी रिंग मागे फिरवायला जोर केला. म्हाताऱ्या बोटांतला जोर चुकला, अंगठा घसरला, आणि रिंग उलट बाजूला गेली. चार. तिथंच रुतली.

टप. जाईच्या थेट डोक्यावर.

"आउच. आजी, माझे केस कुठे अडकलेत का?"

कागदावर दोन डोकी एकमेकांना टेकली होती, एक खालून, एक वरून. एक लांब हात जाईच्या केसांत होता. बाईंनी भिंग सोडून खोलीत बघितलं. खोलीत फक्त जाई, स्टुलावर. पण बट आता बट नव्हती, मूठभर केस होते, दोरासारखे ताणलेले, वर गेलेले आणि हवेतच संपलेले. स्टुलाच्या दांडीवर टेकलेल्या जाईच्या टाचा उचलल्या होत्या. मग बोटंही उचलली.

"आजी?" जाईचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "मी उठत नाहीये. मी नाही उठत आहे."

"हलू नकोस. वर बघू नकोस. माझ्याकडे बघ."

फितीच्या डब्यात कात्री होती, शिवणाची. बाईंनी चार पायांचं अंतर किती पावलांत कापलं ते त्यांनाही ठाऊक नाही. गुडघ्यांनी त्या दिवशी तक्रार केली नाही. डाव्या हातानं त्यांनी जाईचं मनगट धरलं आणि उजव्या हातानं ताणलेल्या केसांना कात्री लावली, टाळूच्या अगदी जवळ. केस तारेसारखे करकरले.

"सोड," त्या म्हणाल्या. "सोड, मेल्या. ही माझी आहे."

केस तुटले. जाई दाणकन स्टुलावर आदळली आणि ओरडली. आणि कापलेली बट खाली पडली नाही. ती वर गेली. सरळ, सावकाश, कुणीतरी मुठीत घेऊन हात वर न्यावा तशी, आणि पंख्याच्या अलीकडे दिसेनाशी झाली.

बाई त्यापुढे थांबल्या नाहीत. कॅमेऱ्यापाशी गेल्या, दोन्ही तळव्यांत लेन्स धरली. ऊब द्यायला वेळ लागतो, घाई केली तर आटा मरतो. त्यांनी दहा आकडे मोजले, मग आणखी दहा, आणि भिंग डोळ्याला लावलं.

ते आता पाठमोरं नव्हतं.

तोंडाबद्दल बाई पुढे कधीच कुणाशी बोलल्या नाहीत. एवढंच, की ते जाईकडे बघत नव्हतं. ते लेन्समध्ये बघत होतं.

"बघ," बाई म्हणाल्या. "नीट बघून ठेव. संजीवनी म्हणतात मला."

रिंग कुरकुरली. पाच. सात. दहा. ते मागे मागे गेलं, तोंड इकडेच. पंधरा, चपलांच्या रॅकपाशी. पंचवीस, जाळीपलीकडे कॉरिडॉरच्या छताला. पन्नास. तिथं इमारत संपत होती. तिथं पाय टेकायला छत नव्हतं, नुसतं आभाळ होतं. तरी ते उभंच होतं. समोरच्या ब्लॉकांच्या वर, बिशानच्या भर दुपारच्या उजेडात, चालत चालत लहान झालं, सुईच्या टोकाएवढं झालं.

आडवा आठ. रिंग त्यापुढे जात नाही.

६

मेधा आली तेव्हा जाई सोफ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, आणि तिच्या टाळूवर रुपयाएवढी बोडकी जागा होती.

"आई, हे काय केलंस?"

"कापले."

"कापले म्हणजे? का?"

"अडकले होते."

"कशात?"

बाईंनी कात्री फितीच्या डब्यात ठेवली. मेधाच्या डोळ्यांत पाणी आलं. राग असता तर बाईंनी तोंड दिलं असतं. पाण्यापुढे काय करणार? "मी वरुणदादाला फोन करते," मेधा म्हणाली आणि खोलीत गेली.

जाई उठली. तिनं केरसुणी घेतली, स्टुलाखाली झाडलं, सोफ्याखाली झाडलं, चपलांचा रॅक हलवून झाडलं. मग केरसुणी हातात धरून नुसती उभी राहिली.

"आजी. केस कुठे गेले?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. खोटं सांगता आलं असतं. "तू वर बघितलंस?"

"तू बघू नको म्हणालीस." जाईनं आपल्या पावलांकडे बघितलं. "पण माझे पाय..."

"हं."

जाई आईच्या खोलीत गेली. आतून मेधाचा फोनवरचा आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा जाईच्या हातात छोटी बाटली होती.

"रेड आहे. चालेल?"

बाईंनी तिचा चेहरा जवळ ओढला आणि त्या बोडक्या जागेवर ओठ टेकले. मग दोघींनी मिळून रिंग बांधली, थरावर थर. जाईनं सोमवारी बुरशीवाल्या लेन्सवर काढलेला धुकट रोल दिला.

७

मंगळवारी पॉलिक्लिनिकमध्ये तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्या हळूहळू बोलत, मेधा मराठीत सांगे. तीन शब्द लक्षात ठेवायचे: सफरचंद, छत्री, खुर्ची. मग वार, महिना, शंभरातून सात सात वजा. बाईंनी शंभरातून सात वजा करत करत दोनापर्यंत आणलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनीच थांबवलं.

"आता ते तीन शब्द, आई."

"सुलट सांगू की उलट?"

मेधा हसली. आठवड्यात पहिल्यांदाच. बाईंनी दोन्ही बाजूंनी सांगितले. मग डॉक्टरीणबाईंनी काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत, एखादी गोष्ट विसरेन अशी तुला भीती वाटते का?"

बाईंनी टेबलावरची पेन्सिल उचलली. घड्याळाचं चित्र काढायला दिलेल्या कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी एक आडवा आठ काढला आणि त्याभोवती गोल केला.

"ही. आणि ही मी विसरणार नाही. वरुणला सांग, माझी खोली भाड्यानं दे. मला इथं काम आहे."

बुधवारी पावणेतीनला त्यांनी कपाट उघडलं. चावी भरली, स्प्रिंग पळू दिली. मग कॅमेरा दाराकडे करून कागद ताणला, आरसा धरला, भिंग लावलं. जाळी उलटी, कॉरिडॉर उलटा, समोरचे ब्लॉक उलटे. आणि लांब, आभाळात, सुईचं टोक. सुलट.

जाई शेजारी उभी होती, डोक्याला रुमाल बांधून. "आहे?"

"आहे. आहे तिथंच आहे."

लेन्स काढताना बाईंनी ती उजेडात धरली. लाल थराला एक चीर गेली होती, केसाएवढी. परवा नव्हती. त्यांनी ती बोटानं चाचपून बघितली. चिरेत काहीतरी होतं, काळं, बारीक, लांब. त्यांनी चिमटीत धरून ओढलं. जाईचा केस होता.

त्यांनी तो जाईला दाखवला नाही. पदराच्या गाठीत बांधला आणि हात पुढे केला.

"बाटली आण. दुसरा हात देऊ."

"आणि तोही तडकला तर?"

"तर तिसरा." बाईंनी ब्रश बुडवला आणि हात जराही न कापू देता रिंगभोवती फिरवला. "आणि ह्यापुढे बुधवारी तू पण माझ्याबरोबर बसायचं. फीत कशी धरायची ते शिकवते."